एक काळा, एक तपकिरी

१

पडद्यावर दोन बूट चालत आले. उजवा काळा, डावा तपकिरी. ओल्या फरशीवर ते थांबले, जरा घोटाळले आणि आले तसे वळून निघून गेले. चेहरा नाही, बोलणं नाही, दृश्य एवढंच. पण अंधारात वहिनीने आत्याचं मनगट असं धरलं की घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला.

"बघितलंस?" वहिनी कुजबुजली.

"बघितलं. आता गप्प बसा. सिनेमा संपू दे."

आत्या पोलीस खात्यातून तपास अधिकारी म्हणून निवृत्त झाली होती. भाची तिला आत्या म्हणायची म्हणून घर म्हणायला लागलं, आणि पुढेपुढे ठाण्यातले हवालदारही पाठीमागे आत्याच म्हणायचे. आज मात्र ती अधिकारी म्हणून आली नव्हती. सिनेमा तिच्या थोरल्या भावावर होता. सुरुवातीलाच पाटी झळकली होती, 'सत्य घटनेवर आधारित'. शुक्रवारी तो सगळीकडे लागणार, त्याआधी घरच्यांना आणि जुन्या सहकाऱ्यांना दाखवायचा म्हणून हा दुपारचा खास खेळ होता.

दादा शत्रूच्या राजधानीत घड्याळजी बनून राहिला होता. हेरगिरी उघडकीला आली, तो पकडला गेला आणि तिथल्याच तुरुंगात वारला. घरी ना देह आला, ना सामान. खात्याने चौकशी करून एका ओळीत निकाल दिला, आणि तीच ओळ आता पडद्यावर भारदस्त आवाजात ऐकू आली: "धोका दिसताच डॉक्टरांच्या घरी आसरा घ्यायचा, असा त्याला आदेश होता. तो आदेश मोडून तो दुकानात परतला. का, ते कोणालाच कळलं नाही."

लोकांना मात्र कळलं होतं. लोकांना सगळं कळतं. कोणी म्हणालं, दुकानात काही दडवलेलं असणार. कोणी म्हणालं, बाईचं प्रकरण असणार. वहिनीने तीस वर्षं ते ऐकलं आणि मूग गिळून संसार ओढला.

आणि आता हे बूट.

त्या तुरुंगातून सुटून आलेला एक कैदी पूर्वी एकदा घरी आला होता. स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं, अटकेच्या दिवशी पहाटे दिवे गेलेले असताना दादा घाईत घराबाहेर पडला. पायात एक काळा बूट, एक तपकिरी. अटक झाली तेव्हाच ते त्याच्या लक्षात आलं, आणि कोठडीत तो स्वतःच त्यावर हसला. वहिनीने आत्याकडून वचन घेतलं होतं: ही गोष्ट चार भिंतींबाहेर जाता कामा नये. आधीच लोक बोलतात, त्यात विदूषक नको. दोघींनी ते पाळलं. कैदी बिचारा पुढच्याच वर्षी वारला, तेव्हा या सिनेमाचा कोणी विचारही केला नव्हता.

मग हे बूट पडद्यावर आणले कोणी? ज्याने आणले, त्याने त्या सकाळी दादाला पाहिलं होतं. आणि चौकशीत तर त्याच्या तिथल्या सगळ्या सहकाऱ्यांनी सांगितलं होतं, महिनाभर कोणाचीच त्याच्याशी भेट नव्हती.

२

खेळ संपल्यावर बाहेरच्या दालनात चहा होता. दादाच्या तीन सहकाऱ्यांना आत्या पहिल्यांदाच बघत होती. इतकी वर्षं त्यांची तोंडं दाखवायला खात्याची परवानगी नव्हती.

त्यांतले साहेब तिकडच्या वकिलातीत बसून सगळ्यांवर देखरेख करायचे. उंच, ताठ, शब्द मोजून बोलणारे. मास्तर तिथल्या संस्थेत भाषा शिकवायचे. सिनेमा सुरू असतानाच त्यांचे डोळे दोनदा पुसून झाले होते. तिसरे डॉक्टर, दातांचे. गोल चेहरा, हसरे, भाचीशी लगेच गप्पांना लागले.

"सिनेमात माझा दवाखाना किती चकचकीत दाखवलाय," डॉक्टर म्हणाले. "अहो, तळघर होतं ते. राहायचं तिथेच, दात उपटायचे तिथेच. पेशंट बोंबलला तरी रस्त्यावर ऐकू जायचं नाही, तेवढी एक सोय."

"आणि मी चौथ्या मजल्यावर," मास्तर म्हणाले. "माझ्या खिडकीतून खाली नुसती डोकी दिसायची. टकलावरून माणूस ओळखायचो."

"बाबांचं दुकान तुमच्याजवळच होतं का?" भाचीने विचारलं.

"माझ्यापासून दोन गल्ल्या. दुकान आणि त्याचं घर नदीच्या अलीकडे. डॉक्टर पलीकडे, पूल ओलांडून."

आत्या कप हातात धरून उभी होती, चहाची चव तिला कळत नव्हती. तिघेही भले दिसत होते. तिच्या अनुभवात भल्या दिसणाऱ्यांनीच तिला जास्त पळवलं होतं.

ती कप ठेवायला वळली, तेव्हा खांबाआड साहेब दिग्दर्शकाला अडवून उभे होते. आवाज खालचा होता, पण स्पष्ट.

"ते बुटांचं दृश्य काढून टाका," साहेब म्हणाले. "शुक्रवारच्या आत."

३

"काढत नाहीये मी," दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी संकलनाच्या खोलीत म्हणाला. तरुण माणूस, डोळे जागरणाने लाल. "सगळ्या सिनेमात मला आवडणारी ती एकच गोष्ट आहे."

"आवडणारी आहे खरी. तुम्हाला सुचली?"

"नाही. मला सांगितली कोणीतरी."

"कोणी?"

त्याने हात जोडले. "आत्याबाई, शब्द दिलाय. सांगणारा म्हणाला, ही ऐकीव गोष्ट आहे, माझं नाव मध्ये आणू नका."

"तिघांपैकीच कोणीतरी?"

"तिघांखेरीज त्या शहरातल्या कोणाशी मी बोललोच नाही. पण नाव विचारू नका."

आत्याने विचारलं नाही. शब्द पाळणाऱ्या माणसावर जोर करायचा नसतो, तो उलट अडून बसतो.

"बरं, नाव नको," ती म्हणाली. "सांगणाऱ्याने जसं सांगितलं तसंच दृश्य घेतलंत, की तुमची भर आहे?"

"तसंच्या तसं. त्याने इतकं नेमकं वर्णन केलं, की कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्नच पडला नाही."

बाहेर पडताना आत्याच्या मनात पाल चुकचुकली. ऐकीव गोष्टीला इतका नेमकेपणा येत नाही. ऐकलेलं सांगताना माणूस चाचपडतो, पाहिलेलं सांगताना नाही.

संध्याकाळी तिचा फोन वाजला. "मी बोलतोय," साहेबांचा आवाज. "तुम्ही दिग्दर्शकाकडे गेला होतात, असं कळलं. आता माझ्याकडे या."

४

साहेबांच्या बैठकीत एकही फोटो नव्हता. जन्मभर मागे काही न ठेवणाऱ्या माणसाची खोली.

"माझ्यावर संशय आहे तुमचा," ते म्हणाले.

"तुम्ही दृश्य काढायला सांगितलंत. कोणालाही येईल."

"अटकेनंतर एक फोटो आमच्या हाती लागला होता. तिकडच्या पोलिसांनी दुकानाच्या दारात काढलेला. त्यात तुमच्या भावाचे पाय दिसत होते. तो फोटो माझ्याशिवाय कोणीही पाहिला नाही."

"म्हणजे बूट वेगळे होते, हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं. म्हणून परवा ते पडद्यावर दिसले तेव्हा मी दचकलो. तिघांच्या जबान्या मीच घेतल्या होत्या. मी स्वतः, मास्तर, डॉक्टर. कोणीच भेटलं नाही म्हणून मी ती ओळ लिहिली, की त्याने आदेश मोडला. आता त्यातलं कोणीतरी खोटं बोललं असं निघालं, तर माझ्या चौकशीला काय किंमत राहते?"

"म्हणून दृश्यच काढायचं?"

साहेबांनी नजर वळवली. "मेलेला माणूस तक्रार करत नाही."

आत्या उठली. तिला राग आला होता, आणि रागात विचार करायचा नाही हा तिचा जुना नेम होता. जिना उतरेपर्यंत ती गप्प राहिली, मग हिशोब मांडला. साहेब खरं बोलत असतील, तर ते झाकणारे होते, सांगणारे नव्हते. पण खोटं बोलत असतील तर? फोटो पाहिलेला एकमेव माणूस तेच, स्वतःच्याच तोंडाने सांगत होते. दिग्दर्शकाला गोष्ट सांगायची आणि मग काढून टाका म्हणायचं, म्हणजे आपण नामानिराळे.

फाटकाशी मास्तर उभे होते. तिचीच वाट बघत.

५

"मला साहेबांनी सांगितलं, तुम्ही चौकशी करताय," मास्तर म्हणाले. "बागेत बसू या का?"

बाकावर बसल्यावर त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मी जबानीत खोटं बोललो," ते म्हणाले.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. बोलणाऱ्याकडे बघितलं की तो थांबतो.

"त्या सकाळी मी शहरात होतो, असं मी सांगितलं होतं. नव्हतो. आदल्या संध्याकाळीच मला कुणकुण लागली, आणि पाचावर धारण बसली. मिळेल त्या गाडीने सटकलो. दादा दोन गल्ल्यांवर होता हो. जाता जाता एक चिठ्ठी टाकली असती, दार वाजवलं असतं, तरी तो वाचला असता."

"हे साहेबांना माहीत आहे?"

"कोणालाच नाही. सीमेवर मला एका गोठ्यात लपवणारी म्हातारी होती, तिला माहीत होतं. तिच्याकडे मी सकाळी उजाडताना होतो."

"मास्तर, बुटांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"कसले बूट?"

"सिनेमातले. एक काळा, एक तपकिरी."

मास्तर गोंधळले. "वेगळे होते? माझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी नीट पाहिलंच नाही."

माणूस रडका खरा, पण नाटकी नाही, असं आत्याला वाटलं. तरी वाटण्यावर ती कोणाला सोडत नसे, आणि वाटण्यावर कोणाला धरतही नसे. साक्षीदार समोर आला की ती त्याला 'काय पाहिलंस' हे नंतर विचारायची. आधी विचारायची, 'तू कुठे उभा होतास?'

आणि तिथेच, बाकावर बसल्या बसल्या, तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न तिने त्या दृश्याला विचारलाच नाही.

६

दिग्दर्शकाने तिच्यासाठी छोट्या पडद्यावर ते दृश्य लावलं. वहिनी आणि भाचीही आल्या होत्या.

"थांबवा," आत्या म्हणाली. "आता मला सांगा, कॅमेरा कुठे आहे?"

भाची पुढे वाकली. सबंध सिनेमाभर कॅमेरा पतंगासारखा भिरभिरत होता, छतांवरून, गाड्यांवरून, गर्दीतून. या एका दृश्यात मात्र तो खिळल्यासारखा होता. बूट समोरून येत होते, पण कॅमेऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर. पुढे धुळकट काच होती, काचेपुढे लोखंडी गज, आणि गजांच्या तळाशी रस्त्याची फरशी.

"खाली आहे कॅमेरा," भाची म्हणाली. "जमिनीखाली. खोलीच्या आत."

"तळघरात," आत्या म्हणाली.

दिग्दर्शकाने तोंड फिरवलं. तेवढं उत्तर तिला पुरे होतं.

"साहेबांनी फोटो पाहिला होता," ती वहिनीला समजावून सांगू लागली. "पण तो दुकानाच्या दारातला. तिथे ना गज, ना काच. मास्तर चौथ्या मजल्यावर राहायचे, त्यांना वरून डोकी दिसायची. असे नुसते पाय दिसतील अशी खिडकी तिघांत एकाचीच होती. हे पाय त्याने आतून पाहिले."

वहिनी पडद्याकडेच बघत होती. "पण डॉक्टरांचं घर वाटेत लागलं असेल. सहज जाताना—"

"वाटेत नव्हतं, वहिनी. मास्तर काय म्हणाले आठवा. दादाचं घर आणि दुकान नदीच्या अलीकडे. डॉक्टर पूल ओलांडून पलीकडे. त्या सकाळी दादा मुद्दाम पूल ओलांडून गेला. आदेश काय होता? डॉक्टरांकडे जा."

वहिनीने मान वळवून आत्याकडे पाहिलं.

"म्हणजे ते गेले होते," वहिनी म्हणाली. "सांगितलं होतं तिथेच गेले होते."

"गेला होता. आणि बघा, बूट खिडकीपाशी थांबतात. मग वळून परत जातात." आत्या पडद्यापासून मागे सरकली. "एक मला अजून कळत नाही. आसऱ्याला आलेला माणूस दारातून परत का फिरला?"

७

डॉक्टर उंच इमारतीत राहत होते. खोलीला तीन बाजूंनी खिडक्या, सगळ्या सताड उघड्या. त्यांनी हसून स्वागत केलं, खुर्ची पुढे ओढली.

आत्याने सांगायचं ते सरळ सांगितलं. काच, गज, फरशी, पूल. डॉक्टरांचं हसू कुठे गेलं ते त्यांनाही कळलं नसावं.

"ऐकीव गोष्ट होती ती," ते म्हणाले.

"कोणाकडून ऐकलीत?"

डॉक्टर खिडकीकडे वळले. खोट्याला आणखी एक माणूस उभा करावा लागतो, आणि इतक्या वर्षांनी तो त्यांना सापडेना.

"त्या मुलाने विचारलं," ते शेवटी म्हणाले, "कुठेच छापलेलं नाही असं काहीतरी सांगा. तोंडून निघून गेलं. मला वाटलं, दोन बुटांवरून कोण काय ओळखणार?"

"दार का उघडलं नाहीत?"

"कोपऱ्यावर एक गाडी उभी होती. मला वाटलं, त्याच्या मागावर आलेत. मी दिवा घालवला आणि खिडकीच्या आत अंधारात उभा राहिलो. तो टकटक करत राहिला. ठरलेली खूण, दोन आणि एक. मग पाय वळले."

"गाडी कोणाची होती?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "पाववाल्याची. थोड्या वेळाने पाव उतरवून निघून गेली."

खालून रस्त्याचा आवाज येत होता. आत्याने आयुष्यात खुनी पाहिले होते, दरोडेखोर पाहिले होते, त्यांच्यापुढे काय बोलायचं हे तिला माहीत होतं. भ्यायलेल्या माणसाला काय बोलायचं, हे तिला सुचेना.

"भीती वाटली, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "पण नंतर? जबानी देताना कोपऱ्यावर कोणती गाडी होती? त्याने आदेश मोडला, असं लिहिलं गेलं तेव्हा तुम्ही गप्प बसलात. माझ्या वहिनीला लोक काय काय बोलले, तुम्हाला ठाऊक नाही."

"आता काय करणार आहात?"

"मी काही करणार नाही. वहिनी खाली गाडीत बसली आहे. तिला वर बोलावते."

डॉक्टरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "नको," ते म्हणाले. "मी नाही बघू शकणार तिच्याकडे."

तोवर दाराची घंटा वाजली होती. वहिनी बोलावण्याची वाट बघत थांबली नव्हती.

८

ती आत आली आणि न सांगता समोर बसली. डॉक्टरांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी अडखळत. वहिनीने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"त्यांनी हाक मारली होती?" तिने विचारलं.

"एकदाच."

"काय म्हणाले?"

डॉक्टरांनी ते शब्द जसेच्या तसे सांगितले. "म्हणाला, 'घरात कोणी आहे का? दुरुस्तीचं घड्याळ पोचवायला आलोय.' मी त्याच्याकडे घड्याळबिड्याळ काही दिलेलं नव्हतं. रस्त्यावर कोणी ऐकत असेल तर माझ्यावर संशय येऊ नये, म्हणून तसं म्हणाला. आणि पुढे तुरुंगातही त्याने माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर मी परत आलोच नसतो."

"हे तुम्हाला तेव्हाही कळत होतं?"

"कळत होतं."

 आत्याला वाटलं, आता वहिनी ओरडेल, किंवा रडेल. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"मी तुम्हाला माफ वगैरे करायला आले नाही," ती म्हणाली. "ते मला जमेलसं वाटत नाही. पण तुम्ही चप्पल घाला. हे मला सांगून काय उपयोग? ज्यांनी ती ओळ लिहिली त्यांना सांगायचं. आत्ता. मी बरोबर येते."

डॉक्टर तिच्याबरोबर साहेबांकडे गेले. साहेबांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या, पण समोर वहिनी बसली होती, आणि पडद्यावरचे बूट आता शुक्रवारी गावभर दिसणार होते. त्यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली. मास्तरांनीही आपली जबानी बदलून दिली, कोणी मागितली नसताना.

सिनेमा शुक्रवारी लागला नाही. निर्मात्याने आदळआपट केली, दिग्दर्शक हटून बसला, आणि शेवटचा आवाज नव्याने भरून तो पुढच्या आठवड्यात लागला: "धोका दिसताच डॉक्टरांच्या घरी आसरा घ्यायचा, असा त्याला आदेश होता. तो गेला. दार उघडलं नाही. तेव्हा दुसऱ्या कोणाला अडचणीत न आणता तो आपल्या दुकानात जाऊन बसला." तिघीही त्या पहिल्या खेळाला सामान्य प्रेक्षकांत बसल्या. शेजारच्या कुटुंबाला त्या कोण हे माहीत नव्हतं. त्यांतला एक गृहस्थ दिवे लागल्यावर डोळे टिपत बायकोला म्हणाला, "काय माणूस होता गं."

भाचीने वडिलांना पाहिलेलं नव्हतं. दादा तिकडे गेला तेव्हा ती पोटात होती, आणि घरात त्याचा विषय निघाला की आई उठून आत जायची. बाहेर पडताना तिने भीत भीत विचारलं, "आई, बाबा असेच चालायचे का गं?"

"छे," वहिनी म्हणाली. "तो नट फार ऐटीत चालतो. तुझे बाबा चालायला लागले की बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस काहीतरी विसरून परत निघालाय. आणि आमचं लग्न ठरलं ना, तेव्हा पहिल्या भेटीला आले ते चुकून शेजारच्यांच्या घरात जाऊन बसले. त्यांचा चहासुद्धा पिऊन झाला. हेर म्हणे."

आत्या मोठ्याने हसली. मग वहिनीने दुसरी गोष्ट काढली, मग तिसरी. गाडी उभी केली होती तिथवर पोचल्या तरी गोष्टी संपेनात, म्हणून तिघी पायीच घराकडे निघाल्या.